परळहून आलेलं हाड

नांदेडहून देगलूरकडे निघालं की कृष्णूरची एमआयडीसी ओलांडल्यावर नायगाव लागतं. तालुक्याचं गाव, भोवतालच्या खेड्यांचा सगळा राबता इथंच. अशा गावांत पूर्वी दातावर इलाज एकच होता, तो म्हणजे पकड. दात दुखला की उपटायचा, सगळे गेले की कवळी करायची. आता तालुक्याच्या गावांतल्या दवाखान्यांतही पायोरियानं पोखरलेल्या दाढेभोवती हाड भरतात, काढलेल्या दाताच्या खड्ड्यात हाड भरून पुढं इम्प्लांट बसवतात. त्यासाठी डॉक्टर काचेची एक छोटी सीलबंद बाटली उघडतात. आत रव्यासारखी पांढुरकी पूड असते. स्टीलच्या वाटीत ती सलाइनमध्ये किंवा रुग्णाच्याच रक्तात भिजवायची, ओली झाली की थोडी थोडी उचलून खड्ड्यात भरायची, हलक्या हातानं दाबायची, वर पातळ पडदा ठेवून हिरडी शिवायची. सगळं मिळून अर्ध्या-पाऊण तासाचं काम.

माळकरी माणूस असेल तर खुर्चीत आडवं होण्याआधी विचारतो, "डॉक्टर साहेब, हे हाड कशाचं हाय?"

प्रश्न योग्यच आहे. जबड्यात भरायचं हाड अनेक ठिकाणांहून येतं. एक रुग्णाच्याच हनुवटीतून, अक्कलदाढेमागून किंवा कमरेतून काढलेलं. एक रसायनांपासून केलेलं कृत्रिम. एक गुरांच्या हाडापासून परदेशात तयार होणारं, जगभर मोठ्या प्रमाणावर वापरलं जाणारं. आणि एक माणसांनी दान केलेल्या हाडापासून केलेलं. नांदेड-लातूरकडं वारकरी, लिंगायत, जैन घरं पुष्कळ. गाईगुरांचं हाड म्हटलं की माणूस उठून बसतो. माणसाचं म्हटलं की क्षणभर थांबतो आणि विचारतो, "कुणाचं?"

त्या 'कुणाचं'ला नावानं उत्तर देता येत नाही. दात्याचं नाव गुप्त असतं. गाव मात्र सांगता येतं. भारतातल्या दंतवैद्यांच्या हातात आलेल्या मानवी हाडाच्या पुडीपैकी कितीतरी पूड मुंबईत परळला, टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या टिश्यू बँकेत तयार झाली आहे. ही बँक १९८८ साली सुरू झाली. तिच्याविषयी आपल्याकडं फार कमी लिहिलं गेलं. त्याउलट दातातल्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, घरोघरी माहीत झाल्या. मुलांचे दुधाचे दात बँकेत साठवण्यासाठी आईवडिलांनी पैसेही भरले. जबड्याचं हाड पुन्हा उगवण्याच्या विद्येचा आपल्याकडचा इतिहास लिहायचा तर या दोन्ही बँकांचा लिहावा लागेल. माझ्या मते पहिलीला तिचा मान अजून मिळालेला नाही.

जबड्याच्या हाडाचा दात धरणारा भाग दातासाठीच असतो. दात गेला की त्याला धरून ठेवणाऱ्या हाडाला काम उरत नाही आणि शरीर ते हळूहळू शोषून घेतं. वर्षभरात त्या जागेची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. म्हणून म्हाताऱ्या माणसाची हनुवटी वर येते, गाल आत जातात, आणि दहा वर्षांपूर्वी घट्ट बसणारी कवळी बोलताना निसटते. हाड उरलंच नाही तर इम्प्लांटचा स्क्रू रोवायचा कशात? दंतवैद्यकाला हाड परत हवं होतं ते या साध्या अडचणीपायी.

हाड परत येऊ शकतं, ही कल्पना जुनी आहे. शिकागोचे शल्यचिकित्सक निकोलस सेन यांनी १८८९ साली बैलाचं हाड आम्लात बुडवून, त्यातलं कॅल्शियम काढून, सडलेल्या हाडांच्या पोकळ्यांत भरलं. त्यांना ते जंतुनाशक भरण म्हणून हवं होतं. त्या पोकळ्या पुढं हाडानं भरून आल्या. त्याचा अर्थ लागायला पाऊणशे वर्षं गेली.

तो अर्थ लावला मार्शल युरिस्ट यांनी. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले ते अस्थिशल्यविशारद. त्यांनी हाडाचे तुकडे हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवून त्यातलं खनिज पूर्ण काढून टाकलं. राहिला तो रबरासारखा मऊ सांगाडा. तो त्यांनी सशांच्या स्नायूत ठेवला, जिथं हाड उगवायचं काहीच कारण नाही. काही आठवड्यांनी स्नायूच्या मधोमध नवं हाड तयार झालेलं दिसलं, आत मज्जेसकट. १९६५ साली 'सायन्स' नियतकालिकात त्यांनी हे मांडलं. मेलेल्या हाडात असं काहीतरी उरतं जे भोवतालच्या जिवंत पेशींना हाड बनायला लावतं, हा त्यांचा निष्कर्ष होता. त्या पदार्थाला 'बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन' हे नाव देणारा त्यांचा १९७१चा निबंध छापला गेला तो दंतवैद्यकाच्या नियतकालिकात. अस्थिरोगतज्ज्ञ आणि दंतवैद्य यांचे रस्ते तेव्हापासून एकमेकांत मिसळले.

या कामात एक भारतीय माणूस फार महत्त्वाचा आहे. ए. हरी रेड्डी यांचा जन्म मद्रासचा, पीएचडी दिल्ली विद्यापीठाची. पुढं ते शिकागोला नोबेल विजेते चार्ल्स हगिन्स यांच्याकडं गेले. दोघांनी १९७२ साली उंदरांच्या कातडीखाली खनिज काढलेल्या हाडाची पूड ठेवून, कोणत्या दिवशी कोणत्या पेशी येतात याचा क्रम लावला. आधी भोवतालच्या पेशी धावून येतात, मग कूर्चा होते, रक्तवाहिन्या शिरतात, कूर्चेच्या जागी हाड बसतं आणि शेवटी त्यात मज्जा भरते. गर्भात हाड ज्या क्रमानं घडतं, जवळपास त्याच क्रमानं. पूड स्वतः हाड होत नाही, ती शरीराला हाड करायला लावते, हे या कामातून पक्कं झालं.

दुसरा धागा मॉस्कोतला. अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन हे गमालेया संस्थेत अस्थिमज्जेवर काम करत होते. मज्जेतल्या पेशी काचेच्या बशीत ठेवल्या की बहुतेक तरंगत राहतात, पण मोजक्या काही तळाला घट्ट चिकटतात आणि त्यांची वसाहत वाढते. दहा हजारांत किंवा लाखात एखादी पेशी अशी. त्या पेशी प्राण्याच्या अंगात पुन्हा ठेवल्या तर हाड बनवतात, हे त्यांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९७०मध्ये दाखवून दिलं. आज ज्यांना आपण मेसेन्कायमल स्टेम सेल म्हणतो त्या याच. हे नाव अमेरिकेतल्या आर्नल्ड कॅप्लन यांनी १९९१ साली रूढ केलं. युरिस्टनी निरोप शोधला, फ्रीडेनस्टाइननी तो ऐकणारा कामगार शोधला. पुढच्या पन्नास वर्षांतलं या विषयातलं जवळजवळ सगळं संशोधन या दोन शोधांच्या जोडणीतून उभं राहिलं आहे.

आता परळला येऊ. १९८०च्या दशकात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं आशिया-पॅसिफिकमधल्या देशांत ऊतींच्या बँका उभ्या राहाव्यात म्हणून कार्यक्रम हाती घेतला होता. अणुऊर्जेचा आणि हाडाचा संबंध काय, असं वाटेल. संबंध निर्जंतुकीकरणाचा. दान केलेलं हाड उकळलं तर त्यातली ती निरोप देणारी प्रथिनं मरतात. रसायनांत ठेवलं तर रसायन उरतं. गॅमा किरण मात्र सीलबंद बाटलीतूनही आरपार जातात, आतले जंतू मारतात आणि बाटली उघडावी लागत नाही. मुंबईला ही सोय हाताशी होती. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्राचं आयसोमेड हे केंद्र १९७४पासून कोबाल्ट-६०च्या किरणांनी इंजेक्शनच्या सुया, टाके, ड्रेसिंग निर्जंतुक करून देत होतं. परळ आणि ट्रॉम्बे एकाच शहरात असल्यामुळं भारतात ही बँक मुंबईत सुरू होणं साहजिक होतं. तिची अनेक वर्षं धुरा सांभाळली डॉ. अ‍ॅस्ट्रिड लोबो गाजीवाला यांनी.

कॅन्सरच्या रुग्णालयाला हाडाची बँक लागते ती स्वतःच्याच रुग्णांसाठी. गाठीसकट हाड काढलं की मागं पोकळी राहते. पण बँकेतून निघालेलं हाड तिथंच थांबलं नाही. अस्थिरोगतज्ज्ञांकडं गेलं आणि हिरड्यांच्या डॉक्टरांकडं तर फारच गेलं, कारण त्यांना लागतं थोडं, पण रोज लागतं.

हाड येतं कुठून? काही मृत्यूनंतर दान झालेलं, आणि बरंच जिवंत माणसांचं. खुब्याचा सांधा बदलताना मांडीच्या हाडाचा गोल माथा कापून काढावा लागतो. तो रुग्णाच्या परवानगीनं बँकेला देता येतो. दात्याच्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोग यांसाठी तपासणी होते. मग मऊ भाग काढायचा, हाड करवतीनं कापायचं, धुऊन चरबी आणि रक्त काढायचं, दळून चाळायचं. दंतवैद्याला हवी असलेली पूड करायची तर युरिस्टप्रमाणं आम्लात खनिज काढायचं. मग गोठवून निर्वातात वाळवायचं, म्हणजे पाण्याचा अंश जातो पण प्रथिनांची ठेवण बरीचशी टिकते. शेवटी बाटलीत सील करून ट्रॉम्बेला, २५ किलोग्रे इतक्या किरणमात्रेखाली.

इतक्या सगळ्या खटाटोपानंतर जे तयार होतं त्याचा एक गुण मला सर्वांत मोठा वाटतो. ते साध्या तापमानाला कपाटात राहतं. डीप फ्रीजर लागत नाही. मराठवाड्यात लोडशेडिंगची वर्षं ज्यांनी काढली आहेत, बारा-बारा तास वीज नाही म्हणून लसीचा बर्फ कुठं ठेवायचा या विवंचनेत ज्यांची आरोग्यकेंद्रं चालली आहेत, त्यांना या गुणाचं मोल वेगळं समजावून सांगावं लागत नाही. नायगावला, बिलोलीला, अहमदपूरला ही बाटली पोस्टानं येऊ शकते.

ती रामबाण आहे असं नाही. दाता म्हातारा असेल तर पुडीची ताकद कमी भरते. एका बाटलीचा गुण दुसरीला येईलच याची हमी नाही. किरणांनीही थोडी शक्ती जाते. आणि तीन बाजूंनी हाडाच्या भिंती शाबूत असलेल्या खड्ड्यात ती जितकी चालते, तितकी भिंतीच नसलेल्या जागी चालत नाही. ज्या १९८८ साली परळला ही बँक सुरू झाली, त्याच साली अमेरिकेत युरिस्टच्या प्रथिनांची जनुकं हाती लागली आणि ते प्रथिन प्रयोगशाळेत बनवता येऊ लागलं. २००७मध्ये अमेरिकेत जबड्याच्या काही शस्त्रक्रियांसाठी त्याला परवानगीही मिळाली. पण ते महाग, आणि त्यानं तोंडावर सूज बेसुमार येते. आपल्या तालुक्यांपर्यंत ते पोचलं नाही.

दातातल्या मूळपेशींची गोष्ट २००० सालापासून सुरू होते. अमेरिकेतल्या बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत स्टॅन ग्रॉन्थोस, साँगताओ शी आणि सहकाऱ्यांनी काढलेल्या अक्कलदाढांच्या गाभ्यातून, म्हणजे रूट कॅनल करताना आपण जो भाग काढून टाकतो त्यातून, मूळपेशी वेगळ्या केल्या. शी हे मुलांचे दंतवैद्य. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीचा दुधाचा दात पडला तेव्हा त्याच्या आतला लालसर तंतू त्यांच्या नजरेत भरला. तो ते प्रयोगशाळेत घेऊन गेले, आणि पुढं २००३मध्ये दुधाच्या दातातही जोमानं वाढणाऱ्या मूळपेशी असतात हे प्रसिद्ध झालं. आपल्याकडं पडलेला दात छपरावर फेकायचा, नाहीतर उंदराच्या बिळाशी ठेवायचा. जगभर जो दात असा टाकून दिला जातो त्यात एवढा ऐवज आहे, ही बातमी वाऱ्यासारखी पसरली यात नवल नाही.

बातमीत एक बारकावा राहून गेला. त्या २००३च्या निबंधातच लिहिलेलं होतं की या दुधाच्या दातांच्या पेशी उंदराच्या अंगात ठेवल्यावर नवं हाड आलं खरं, पण ते हाड मुख्यतः उंदराच्या स्वतःच्या पेशींनी केलेलं होतं. बाहेरून आलेल्या पेशींनी त्यांना बोलावलं, कामाला लावलं. म्हणजे मूळपेशीही पुष्कळदा करते तेच, जे परळची पूड करते. ती निरोप देते. या विषयावर मला सर्वांत जास्त विचार करायला लावणारं वाक्य तेच आहे, आणि नंतरच्या जाहिरातींत ते कधीच दिसलं नाही.

२०१०च्या सुमारास मुंबईत आणि मग इतर शहरांत दातांच्या पेशींच्या बँका निघाल्या. मुलाचा दुधाचा दात पडायच्या बेतात असताना दंतवैद्याकडं काढून घ्यायचा, खास पेटीतून बँकेत पाठवायचा, तिथं पेशी वेगळ्या करून उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवायच्या, आणि दरवर्षी किंवा एकरकमी पैसे भरायचे. उद्या मुलाला मधुमेह झाला, मणक्याला इजा झाली, हाड मोडलं, तर याच पेशी कामी येतील, असं सांगितलं जाई. आईबापांना दोष देण्यात अर्थ नाही. मुलाच्या भल्यासाठी कर्ज काढणारी माणसं आपण. पण 'उद्या'चं जे वचन विकलं जात होतं, त्याच्यामागं माणसांवरचा पुरावा फार तोकडा होता.

जो होता तो पाहू. इटलीत नेपल्सच्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग चांगल्या आखणीचा होता. रुग्णांच्या खालच्या दोन्ही अक्कलदाढा काढल्या. एका बाजूच्या खड्ड्यात त्याच रुग्णाच्या दातातल्या पेशी कोलॅजेनच्या स्पंजात भरून ठेवल्या, दुसऱ्या बाजूला नुसता स्पंज. तीन महिन्यांनी पेशींच्या बाजूला हाड जास्त आणि लवकर आलेलं दिसलं. सगळे खूश झाले. मग तीन वर्षांनी त्याच माणसांच्या जबड्याची बारीक तपासणी झाली आणि २०१३मध्ये निकाल आला: तिथलं हाड सगळं घट्ट, भरीव झालं होतं. जबड्याच्या त्या भागात खरं तर आतून जाळीदार, मज्जा आणि रक्तवाहिन्या खेळणारं हाड असायला हवं. रुग्णांचं काही बिघडलं नाही. पण निसर्गानं तिथं जे ठेवलं होतं ते परत आलं नाही, वेगळंच आलं. त्याच वर्षी मिशिगन विद्यापीठातून २४ रुग्णांवरची चाचणी आली. कमरेच्या हाडातल्या मज्जेतून वाढवलेल्या पेशी जबड्यात ठेवून हाड लवकर तयार झालं, पुढं इम्प्लांटही बसवता आले. नागोयाला मिनोरू उएदा यांचा गट त्याच्या आधीपासून अशा पेशी आणि रक्तातल्या प्लेटलेट एकत्र करून वापरत होता. उमेद वाटावी असं हे सगळं आहे. पण रुग्ण मोजके, खर्च मोठा, आणि शेजारी साधी हाडाची पूड ठेवून तुलना केली तर फरक किती, याचं भक्कम उत्तर अजून नाही.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनं म्हणजे आयसीएमआरनं जैवतंत्रज्ञान विभागाबरोबर २००७मध्ये पहिली मार्गदर्शक तत्त्वं काढली, २०१३मध्ये ती कडक केली: रक्ताच्या ठरावीक विकारांपलीकडं मूळपेशींचा वापर मान्य चाचणीबाहेर करता येणार नाही. २०१७च्या आवृत्तीत बँकांचा प्रश्न थेट घेतला. नाळेतलं रक्त सोडून इतर कशाचीही, दाताच्या गाभ्याचीसुद्धा, व्यापारी साठवण करायला परवानगी नाही, कारण तिचा उपयोग होईल असा पुरावा नाही. ज्यांनी आधीच पैसे भरले होते त्यांच्या हाती पावती राहिली. हा निर्णय योग्य होता असं मला ठामपणे वाटतं. तो दहा वर्षं आधी यायला हवा होता.

त्याच २०१७ साली केंद्रीय औषध नियंत्रकांनी लोणावळ्याला तयार होणाऱ्या, रुग्णाच्याच मज्जेतून वाढवलेल्या हाडाच्या पेशींच्या उपचाराला मान्यता दिली. तो खुब्याच्या सडणाऱ्या सांध्यासाठी. म्हणजे रीतसर चाचणी देऊन पुढं आलेलं काम महाराष्ट्रातही होत होतं. पिंपरीच्या डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालयात डॉ. रमेश भोंडे आणि डॉ. अविनाश खरात यांच्यासारख्या अभ्यासकांनी दातांतल्या पेशींवर आणि त्या पेशी जे द्रव सोडतात त्यावर काम चालवलं. हे दुसरं काम मला जास्त आशेचं वाटतं. निरोपच महत्त्वाचा असेल तर जिवंत पेशी गोठवून नेण्यापेक्षा निरोप वाळवून बाटलीत भरणं नांदेड-लातूरच्या रुग्णाला जास्त उपयोगी.

हाडाच्या या सगळ्या गोष्टीत रक्ताचं नाव सारखं येतं, आणि त्याचा एक धडा महाराष्ट्रातच जगानं पाहिला आहे. टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धात इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी पकडला गेला, त्याचं नाक कापलं गेलं. पुढं पुण्याच्या बाजूला परंपरेनं हे काम करणाऱ्या एका कारागिरानं त्याच्या कपाळाची कातडी नाकाच्या जागी वळवली. कातडीचा एक पट्टा भुवयांच्या मध्ये मुळाशी जोडलेला ठेवला, म्हणजे तिला रक्त मिळत राहिलं. कंपनीच्या डॉक्टरांनी हे पाहिलेलं १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आलं आणि युरोपातल्या प्लास्टिक सर्जरीला त्यातून वळण मिळालं. २००४ साली जर्मनीत कील इथं पॅट्रिक वॉर्नके यांनी याच तत्त्वावर जबडा केला. गाठीमुळं खालचा जबडा काढलेल्या ५६ वर्षांच्या माणसासाठी टायटॅनियमच्या जाळीचा जबडा बनवला, त्यात हाडाचे खनिज ठोकळे, युरिस्टच्या कुळातलं प्रथिन आणि त्याच्याच मज्जेचे २० मिलिलीटर भरले, आणि ते सगळं त्याच्या पाठीच्या स्नायूत सात आठवडे ठेवलं. तिथं रक्तवाहिन्या शिरल्या, हाड धरलं, मग रक्तवाहिन्यांसकट ते तोंडात बसवलं. कित्येक वर्षांनी त्या माणसानं ब्रेड आणि सॉसेज चावून खाल्लं.

रक्त तुटलं की काय होतं हे मराठवाड्यानं २०२१च्या उन्हाळ्यात पाहिलं. कोरोनाची दुसरी लाट ओसरत असताना औरंगाबाद, नांदेड, लातूरच्या रुग्णालयांत दात हलतात, गाल बधिर झाला, टाळूला काळा डाग आहे, अशा तक्रारी घेऊन माणसं येऊ लागली. बहुतेकांना मधुमेह, पुष्कळांना कोरोनात स्टेरॉइड दिलेलं. म्युकरमायकोसिस ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते, त्या बुजवते, आणि पुढचं हाड रक्ताविना मरतं. लोक तिला काळी बुरशी म्हणू लागले. ॲम्फोटेरिसिनची इंजेक्शनं मिळेनात. राज्यानं महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचार मोफत केले, केंद्रानं मे महिन्यात या रोगाची नोंद सक्तीची करायला सांगितलं. जीव वाचवायला मेलेलं हाड काढावंच लागतं. कुणाची अर्धी टाळू गेली, कुणाचा वरचा जबडा अख्खा गेला. टाळू नसलेल्या माणसानं पाण्याचा घोट घेतला की पाणी नाकातून येतं. बोललेलं घरच्यांनाही कळत नाही. भाकरी भिजवून मऊ केली तरी नाकात जाते. कर्ती माणसं होती ती, चाळिशी-पन्नाशीतली. कित्येकांनी लग्नाकार्यात जाणं सोडलं.

त्यांना मूळपेशींचा मान्य उपचार नव्हता. हाडाची पूडही उपयोगाची नव्हती, कारण भरायला भिंती उरल्या नव्हत्या. कामी आली ती जुनी, हातानं करायची विद्या. दंत महाविद्यालयांतल्या कृत्रिम दंतशास्त्राच्या विभागांनी ॲक्रिलिकची टाळू बनवून दिली, तिच्यामुळं गिळणं आणि बोलणं परत आलं. पुढं गालाच्या हाडात रोवायचे लांब इम्प्लांट आले, स्वीडनच्या ब्रेनेमार्क यांच्या परंपरेतले. त्यांच्यावर दात बसले. कुणासाठी सीटी स्कॅनवरून टायटॅनियमचा जबडा छापला गेला. हे सगळं करताना दंतवैद्यांनी जे कष्ट घेतले ते मराठवाड्याच्या वैद्यकीय इतिहासात लिहून ठेवायला हवेत.

तालुक्याच्या दवाखान्यात आज एक गोष्ट आणखी आहे. फ्रान्सच्या जोसेफ शूक्रून यांनी २००१मध्ये सांगितलेली पद्धत. रुग्णाच्या दंडातून दहा मिलिलीटर रक्त काढायचं, त्यात काही न घालता लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये सुमारे १२ मिनिटं फिरवायचं. मध्यभागी पिवळसर गुठळी तयार होते, तिच्यात प्लेटलेट आणि त्यांचे वाढीचे निरोप अडकलेले असतात. ती चिमट्यानं काढून, दाबून, परळच्या पुडीत मिसळतात. छोट्या मशीनवर आणि रुग्णाच्याच रक्तावर होणारं काम.

या पुडीसाठी हाड कमी पडतं. नांदेडला माणसं अस्थी गोदावरीत सोडायला येतात. मृत्यूनंतर हाड देणं आपल्या मनाला जड जातं, आणि त्याचा मान ठेवला पाहिजे. पण खुब्याचा बदललेला माथा हा जिवंत माणसाचा असतो, त्याला विधी नसतो. नांदेडच्या, लातूरच्या अस्थिरुग्णालयांत आता खुब्याच्या शस्त्रक्रिया नेहमीच्या झाल्या आहेत. २०११च्या दुरुस्तीनंतर अवयव प्रत्यारोपण कायद्यात ऊतीही आल्या, बँकांची नोंदणी, दात्याची संमती, सगळ्याची रीत ठरली आहे. कापलेला तो माथा मात्र बहुतेक ठिकाणी पिवळ्या पिशवीत घालून जैविक कचऱ्याबरोबर जाळायला जातो. शस्त्रक्रियेच्या आधी रुग्णाकडून जे कागद सह्यांसाठी घेतात त्यात एक कागद वाढवला, गोळा केलेले माथे गोठवून ठेवायला एक फ्रीजर आणि ते महिन्याकाठी परळला पोचवायला एक माणूस नेमला, तर हे हाड वाया जाणार नाही. नांदेड आणि लातूर दोन्हीकडं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. सुरुवात तिथून करता येईल.